लिस्ट, यादी, फेरिस्त

एप्रिल संपत आला की नांदेडचं ऊन सकाळी आठलाच दारात येऊन बसतं, आणि त्याच्या मागोमाग लग्नपत्रिका यायला लागतात. यंदा आमच्या घरातूनही पत्रिका बाहेर पडताहेत. लेकीचं लग्न आहे. माझ्याकडे सात लिस्टा आहेत. आचाऱ्याची, मंडपाची, पाहुण्यांची, देवकार्याची, आहेराची, कुणाला स्टेशनवरून आणायचं त्याची, आणि सातवी, या सहा लिस्टा कुठे ठेवल्या आहेत त्याची. नवरा म्हणतो, "आठवी पण कर. तू कुणाकुणावर ओरडलीस त्याची." मी म्हटलं, करीन, पण त्यात एकच नाव सारखं सारखं येईल.

महिन्यापूर्वी आम्ही लातूरला जाऊन बस्ता बांधला. नवरीच्या शालूपासून लांबच्या मामाच्या टॉवेल-टोपीपर्यंत लग्नाचं सगळं कापड दोन्हीकडच्या माणसांनी एका दुकानात, एका बैठकीत घ्यायचं, याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. चार मजली दुकान, गारेगार हवा, प्रत्येक साडीला चिकटवलेला बारकोड. आमच्यासाठी नेमलेल्या मुलीच्या हातात टॅब होता. मी नावं वाचत गेले, ती बोटानं खुणा करत गेली. पावणेतीन तासांत तेहतीस नावं झाली. मला स्वतःचा अभिमान वाटला. मग ती गोड आवाजात म्हणाली, "लिस्ट कम्प्लीट ना मॅडम? क्लोज करू?"

मी "हो" म्हणाले. तिनं बोट टेकवलं. पिशव्या भरल्या, लोक जिन्याकडे निघाले, आणि मी तशीच बसून राहिले. अजून कुणीतरी काहीतरी विचारायचं बाकी आहे असं वाटत होतं. जेवून उठावं आणि पाणी प्यायचं राहून जावं, तसं.

अप्पांचं कापडाचं दुकान शिरूर अनंतपाळला होतं. अप्पा म्हणजे माझे वडील. कपाळावर विभूतीची तीन बोटं, अंगात बाराही महिने पांढरा सदरा, आणि कानाच्या मागे जांभळी पेन्सिल. ही पेन्सिल जिभेला लावून लिहायची असे, म्हणून लगनसराईचे दोन महिने अप्पांची जीभ जांभळी असायची. गादीवर पांढरी चादर, भिंतीला लोड, मधोमध कापड मोजायचा लोखंडी गज आणि मोठी कात्री. बाहेर ट्रॅक्टर थांबला की पंचवीस-तीस माणसं एकदम आत यायची. कोऱ्या कापडाच्या वासात मग घामाचा, मोगऱ्याचा आणि शेव-चिवड्याचा वास मिसळायचा. आजही नवीन मांजरपाट नाकाशी धरला तर मला पहिल्यांदा चिवडा आठवतो.

"शरणार्थ, अप्पा. फेरिस्त लई मोठी हाय बगा."

"असू द्या की. लहान फेरिस्तीचं लगन कशाला करता?"

अप्पा कधी लिस्ट म्हणत नसत, यादीही म्हणत नसत. निजामाच्या काळात त्यांच्या दोन यत्ता उर्दूत झालेल्या. त्यांच्यासाठी ती फेरिस्तच. ती ते कागदावर करत नसत. त्यांची स्वतःची एक पद्धत होती. थानाच्या, म्हणजे अख्ख्या ताग्याच्या, कडेला जो घट्ट विणीचा काठ असतो तो उसवत नाही, धुतला तरी विरत नाही. मांजरपाटाचा हा काठ ते बोटभर रुंद फाडून ठेवत. फाडतानाचा तो लांबलचक 'टर्र' आवाज म्हणजे आमच्या घरी उन्हाळा सुरू झाल्याची खूण. प्रत्येक माणसासाठी एक पट्टी. तिच्यावर जांभळ्या पेन्सिलीनं नाव, आणि ती पट्टी त्या माणसाच्या कापडाला बांधलेली. लग्नघरी गठ्ठा सोडला की कुणाचं काय ते विचारावं लागत नसे.

बायका मात्र दर लुगड्याला भांडत. एकदा नवऱ्या मुलाच्या मावळणीवरून, म्हणजे आत्यावरून, जुंपलेली मला आठवते.

"मावळणीला हे पोपटी? ती नेसती व्हय पोपटी? भर मांडवात तोंड फुगवून बसंल."

"बसू दे की. तशीबी बसतीच."

अप्पांनी वरच्या फळीवरचं एक चांगलं जांभळं इरकल काढून पुढ्यात टाकलं. "फुगायचंच असंल तर माय, भारीतलं नेसून फुगू द्या."

सगळी गादी हसली आणि मावळणीला जांभळं इरकल मिळालं.

हे सगळं झालं की अप्पा कात्री बाजूला ठेवत आणि एकच प्रश्न विचारत, "कोण ऱ्हायलं?" लोक म्हणत, कोणी न्हाई, बांधा आता. अप्पा बांधत नसत. आत अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, चहा टाकायला सांगत. दुसरा चहा. तो येईपर्यंत गज पुसत बसत. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, कपाला तोंड लावता लावता कुणीतरी दचके. "अगं बया, ती उदगीरची! थोरल्या सासऱ्याच्या चुलतभावाची ती बायकू!" अप्पा पट्टी उचलून पेन्सिल जिभेला लावत. मला म्हणत, "बघ, फेरिस्तीत ऱ्हायलेलं मानूस दुसऱ्या चहात सापडतंय."

मी नांदेडला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मार्चमध्ये जुन्या, फाटक्या पुस्तकांची छाटणी असते. काढून टाकायच्या पुस्तकांची लिस्ट करावी लागते. यंदा त्या ढिगात इंग्रजीचा एक जाडजूड शब्दकोश होता, पुठ्ठा गेलेला, पहिली चाळीस पानं गायब. लिस्टेत लिहून टाकायच्या आधी म्हटलं, एकदा उघडून तरी पाहावा. दिवसातून पन्नास वेळा जो शब्द आपण वापरतो तोच काढला. लिस्ट.

पहिला अर्थ वाचून मी चष्मा पुसला. लिस्ट म्हणजे कापडाचा काठ. थानाच्या कडेची पट्टी. काठावरून अरुंद पट्टी, मग कागदाची अरुंद पट्टी, आणि मग त्या पट्टीवर एकाखाली एक लिहिलेली नावं, असा हा शब्द हजारभर वर्षं चालत आला. इंग्रजीतला हा शब्द ज्या काठावरून निघाला होता, त्याच काठाशी माझे अप्पा त्याला न ओळखता रोज बसत होते. त्यांना एबीसीडी येत नव्हती. मी ग्रंथालयाच्या त्या रिकाम्या दुपारी एकटीच हसले. सांगणार कुणाला? ज्यांना सांगावं ते गेले, आणि ज्या दुसऱ्या एका माणसाला ही गंमत कळली असती, तिला फोन करून शब्दांच्या गमती सांगाव्यात असं आमचं राहिलेलं नव्हतं.

खाली आणखी अर्थ होते. जुन्या इंग्रजीत लिस्ट म्हणजे ऐकणं. जुन्या इंग्रजीतच लिस्ट म्हणजे इच्छा होणं, मनाला भावणं. लिस्टलेस हा शब्द मी इतकी वर्षं मरगळलेला अशा अर्थानं वाचत आले. त्याचं मूळ इच्छा नसलेला, असं. आणि बोट किंवा जहाज एका अंगाला कलतं, त्यालाही लिस्टच. कोशकारानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं की हे शब्द एका घरचे नाहीत, फक्त बोलायला सारखे झालेत. पण हे कलणं कुठून आलं ते नक्की ठाऊक नाही, कदाचित त्या इच्छेवरूनच आलं असावं. ज्या बाजूला ओढ, त्या बाजूला कल.

आणि आपली यादी? ती तर सरळ 'याद'मधून आली. इंग्रजांनी नावं कापडावर ठेवली, आपण आठवणीवर. शब्दकोशाचं नाव मी काढून टाकायच्या लिस्टेतून खोडलं. तो आता माझ्या टेबलावर आहे.

जिला फोन करून ही गंमत सांगता आली नाही, ती म्हणजे अक्का. माझी थोरली बहीण, तीन वर्षांनी मोठी. आम्ही दोघीच, भाऊ नाही. काठ फाडायचं काम अक्काचं, पट्ट्यांवर लिहायचं माझं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. ती अशी सरळ फाडायची की अप्पा म्हणत, हिच्या हातात गज हाय. मी लिहिताना ती शेजारी बसून नावांवर शेरे मारायची. "ही बघ, हिचं नाव शांताबाई. हिच्यासंगं एकदा नळावर पाणी भरून बघ म्हणावं, कळंल शांता कशी ते." मी हसले की पेन्सिल घसरायची आणि अप्पा माझ्यावर डाफरायचे, तिच्यावर नाही.

अक्का शिक्षिका झाली आणि तिनं देगलूरच्या एका शिक्षकाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, घरची बोली तेलुगू. अप्पा ओरडले नाहीत, रडले नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव घ्यायचं सोडलं. शिरूरहून देगलूर नकाशावर तळहाताएवढं लांब आहे. आमच्या घरातून ते एकदम दिसेनासं झालं.

दोन वर्षांनी, अशाच उन्हाळ्यात, माझं लग्न ठरलं. बस्ता आमच्याच दुकानात. गादीवर काका, काकू, मावळणी, होणाऱ्या सासरची माणसं. पट्ट्या लिहायला मीच, स्वतःच्या लग्नाच्या. काठ मात्र त्या वर्षी काकांनी फाडला, वाकडातिकडा. एकेक नाव झालं. अप्पांनी कात्री ठेवली आणि विचारलं, "कोण ऱ्हायलं?"

 माझ्या मांडीवर एक कोरी पट्टी उरली होती. अव्वा आतल्या दारात उभी होती. अप्पा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, सासरच्यांसमोर कुणी ते नाव काढू नये म्हणून बघताहेत. मी चटपटीत मुलगी. मी म्हणाले, "कोणी न्हाई अप्पा. झाली फेरिस्त."

अप्पांनी दुसरा चहा सांगितला नाही.

हे मला कळायला अप्पांचं मरण उजाडावं लागलं. तेराव्याच्या आदल्या दिवशी भांडी आवरताना अव्वा म्हणाली, "तुज्या बस्त्याला ते तुज्या तोंडाकडं बघून राहिले होते. हिरवं इरकल बाजूला काढून ठिवलं होतं त्यांनी. तू नाव घेतलं असतंस तर घातलं असतं. त्यांच्यानं सोताहून निघत नव्हतं." मी विचारलं, मग तू का नाही बोललीस? तर म्हणाली, "मला वाटलं, नवरी तू. तुजा मान."

तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो आणि ते लुगडं फळीवरच राहिलं.

अप्पांच्या मातीला अक्का आली होती. उन्हात मागे उभी राहिली, अव्वाला धरलं, संध्याकाळच्या गाडीनं गेली. त्यानंतर आमचे फोन सुरू झाले. दिवाळी, पाडवा, तब्येत, पाऊस. पण घरी ती कधी आली नाही. घराच्या वास्तुशांतीला मी पत्रिका पाठवली, मुलाच्या लिंगदीक्षेला, म्हणजे आमच्याकडच्या मुंजीला, अव्वाच्या पंच्याहत्तरीला. फोनवर प्रत्येक वेळी ती "बघू" म्हणायची. मी लिस्टेत तिच्या नावापुढे 'कळवले' असं लिहून खूण करायची. प्रत्येक वेळी पहिलं नाव तिचंच असायचं. एकदा चूक झाली होती, म्हणून मी ती अशी दर वेळी दुरुस्त करत होते, आणि अक्का येत नव्हती, म्हणजे रागच असणार, असं धरून चालले होते.

अव्वा आता माझ्याकडे असते. ऐंशीच्या पुढे गेली, दिसतं कमी, ऐकू मात्र सगळं येतं. गेल्या रविवारी मी पाहुण्यांची लिस्ट नवऱ्याला वाचून दाखवत होते. "देगलूर, अक्का. पत्रिका पोचली, मेसेज केला, फोन केला."

अव्वा पलंगावरून म्हणाली, "मूळ कोन गेलं?"

"कसलं मूळ?"

"लेकीला आनायला कोन गेलं? मुराळी कोन?"

मी लिस्ट खाली ठेवली. लग्नाकार्याला घरच्या लेकीनं आपली आपण उठून यायचं नसतं. माहेरचं माणूस तिला घ्यायला तिच्या दारात जातं. याला मूळ जाणं म्हणतात, आणि ते माणूस म्हणजे मुराळी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुकानात शेकडो वेळा ऐकलेलं. आजकाल कोण जातं, असं म्हणून मी ते कधीच कुठल्या लिस्टेत घातलं नव्हतं.

"अव्वा, मुराळी भाऊ असतो. आपल्याला भाऊ कुठंय?"

"मंग? तुला पाय न्हाईत?" अव्वा म्हणाली. "पत्रिका टपालवालाबी टाकतंय. तिच्या सासरी इतक्या वर्सांत आपल्यातलं कुत्रंबी गेलं न्हाई. कुन्या तोंडानं यील ती?"

मग भिंतीकडे बघत, "मला दोगी एका मांडवात बघायच्या हायत. डोळं हायत तवर."

सोमवारी मी सकाळची बस धरली. मंगळवारी मंडपवाला येणार होता, बुधवारी आचारी. एक तास अक्काकडे आणि एकच्या गाडीनं परत, असं बसवलं होतं. खिडकीतून धग आत येत होती. नांगरून टाकलेली काळी रानं, मध्येच एखादा गुलमोहर, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. नायगाव गेलं, नरसी गेलं. पुढच्या बाकावरच्या दोन बायका मराठीत सुरू करून तेलुगूत भांडत होत्या आणि कानडीत संपवत होत्या.  इतक्या वर्षांत मी तिचं घरसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

दार उघडंच होतं. अक्का ओट्यावर बसून चिंच निवडत होती. केस पांढरे, चष्मा अप्पांच्यासारखा नाकावर घसरलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"एकटीच? कोन गेलं?"

"कोणी न्हाई गेलं. सगळे बरे हायत."

"मंग तू कशी काय?"

"मूळ आले. तुला घ्यायला."

तिनं हातातली चिंच सुपात ठेवली. कोण आलंय म्हणून शेजारच्या ओट्यावरून एका बाईनं तेलुगूत विचारलं, "येवरु?" अक्का म्हणाली, "मा चेल्लेलु," आणि मग मराठीत, जरा मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "माजी धाकटी बहीन. मुराळी आलाय मला."

आत गेल्यावर मात्र ती माझ्याशी बोलेना. भाऊजी बाहेर आले, हसले, पाणी दिलं, आणि शहाण्या माणसासारखे भाजी आणायला निघून गेले. अक्कानं चूल पेटवावी तसा गॅस पेटवला, खटकन.

"तुज्या लग्नाला मी शाळेत रजा टाकली होती," ती पाठमोरीच म्हणाली. "आठ दिवस. घरी बसून ऱ्हायले. ही शेजारीन रोज विचारायची, मुराळी कवा येनार? मी म्हनायची, येतील, लांबचा पल्ला हाय. तवा तर लगनाचा दिवसबी उलटून गेला होता."

तिनं परातीत भाकरीचं पीठ घेतलं.

"एक सांग. बस्त्याला माजं नाव कुनी काढलं होतं का? अप्पांनी तरी?"

अव्वाचं सांगणं तिला सांगता आलं असतं. अप्पांच्या मनात होतं, हिरवं इरकल काढून ठेवलं होतं. ते खरंही होतं. पण तिनं तेवढंच विचारलं नव्हतं.

"अप्पांनी विचारलं होतं, कोण ऱ्हायलं म्हणून. माझ्याकडं बघून विचारलं. मी म्हणले, कोणी न्हाई. झाली फेरिस्त."

"तू म्हनलीस?"

"हाव. मीच."

तिनं गॅस बारीक केला.  मला वाटलं आता उठावं. जहाज कलतं म्हणजे कसं कलत असेल ते मला त्या छोट्या स्वयंपाकघरात कळलं. मी खुर्चीत सरळ बसले होते आणि सगळी तिच्याकडे झुकले होते.

"मला वाटायचं, अप्पा म्हनले असतील," ती शेवटी म्हणाली. "तुज्यावर तवा रागावले असते तर दोन वर्सांत मिटलं असतं. मेल्या मानसावर रागवून राहिले मी." मग तिनं डोळ्यांना पदर लावला, चिंचेचा हात डोळ्यात गेला, आणि ती ओरडली, "पानी दे की! बघून काय राहिलीस?"

मी पाणी दिलं. तिनं डोळे धुतले आणि धुवत धुवत हसायला लागली.

अंबाडीची भाजी, भाकरी, चिंचेचं सार. मी घड्याळाकडे पाहिलं, साडेबारा. म्हटलं, अक्का, एकची गाडी आहे, पिशवी भर.

"मुराळी जेवून लगेच निघत नसतोय. एक मुक्काम करावा लागतोय."

"उद्या मंडपवाला येणार आहे गं. बुधवारी आचारी."

"मंग जा की. मी न्हाई येत."

ती खरंच म्हणत होती. मी पर्स खुंटीला अडकवली आणि घरी फोन लावला. नवऱ्यानं विचारलं, किती वाजता येतेस?

"उद्या. दोघी येतोय."

तिकडे गडबड झाली, आणि फोनवर अव्वाचा आवाज आला, "दे तिला."

अक्कानं पदराला हात पुसले, फोन कानाला लावला. "हाव," म्हणाली. "हाव. ...न्हाई. ...हाव अव्वा." मग नुसतीच ऐकत राहिली, भिंतीला टेकून, डोळे मिटून. मग तिनं फोन मला परत दिला.

"अव्वा सांगून राहिली, तू लई दमलीस म्हनं. सकाळी तुला लवकर उठवू नको."